पॅच बदलायचा वार

गर्भनिरोधक पॅच म्हणजे बेज रंगाची, गोल कोपऱ्यांची चौकोनी पट्टी. बाजू साडेचार सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर. इंग्लंडमध्ये मिळतो तो एव्ह्रा, आणि इथे मी लिहितेय ते त्याच्या वापराबद्दल. पॅचमध्ये दोन हार्मोन असतात: ६ मिलिग्रॅम नॉरेलजेस्ट्रोमिन (हे प्रोजेस्टोजेन) आणि ६०० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल (हे इस्ट्रोजेन). दिवसाला त्यातलं साधारण २०३ मायक्रोग्रॅम नॉरेलजेस्ट्रोमिन आणि ३४ मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल त्वचेतून रक्तात जातं. काम याच जातीची दोन हार्मोन असलेल्या नेहमीच्या मिश्र गोळीसारखंच. बीजांड बाहेर पडत नाही, गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो, आतलं अस्तर पातळ राहतं. फरक एवढाच की रोज गोळी घ्यायची नसते. आठवड्याला एक पॅच, असे तीन आठवडे, मग एक आठवडा पॅचविना. चार आठवड्यांना तीन, वर्षाला ३९.

नेमका वापरला तर वर्षभरात १०० बायकांपैकी एकीलाही दिवस जात नाहीत असं म्हणता येईल, इतका तो खात्रीचा आहे. प्रत्यक्ष वापरात मात्र १०० पैकी ७ ते ९ जणींना दिवस जातात. या दोन आकड्यांमधलं जवळजवळ सगळं अंतर वापरातल्या चुकांचं आहे: पॅच सुटला आणि कळलं नाही, बदलायचा दिवस उलटला, मोकळा आठवडा लांबला. म्हणून खाली मी बहुतेक जागा त्या चुकांनाच दिली आहे.

सुरुवात जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, किंवा लैंगिक आरोग्याच्या दवाखान्यात होते. एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, गर्भनिरोधकांना पैसे पडत नाहीत. आतून तपासणी नसते. रक्तदाब घेतात, वजन-उंची घेतात आणि प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांना नीट उत्तर देणं हाच या भेटीचा खरा भाग आहे, आणि आपल्या बायका तिथेच घाई करतात. ‘अर्धशिशीचा त्रास आहे का?’ याला ‘अधूनमधून डोकं दुखतं’ एवढं उत्तर पुरत नाही. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या, वेड्यावाकड्या रेघा येतात का, नजरेचा एखादा तुकडा नाहीसा होतो का, हाताला किंवा ओठाला एका बाजूने मुंग्या येतात का, हे सांगायला हवं. असं होत असेल तर पॅच चालत नाही, मिश्र गोळीही नाही, कारण अशा अर्धशिशीबरोबर इस्ट्रोजेन घेतलं की पक्षाघाताचा धोका वाढतो. दुसरा प्रश्न घरच्यांचा. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला पंचेचाळिशीच्या आत पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का? जायच्या आधी घरी फोन करून हे विचारून घ्या. ‘पाय सुजला होता, इंजेक्शनं दिली होती’ इतकीच आठवण निघाली तरी ती दवाखान्यात सांगा.

रक्तदाब १४०/९० किंवा त्यावर असेल, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ किंवा जास्त असेल, वय ३५ किंवा जास्त असून धूम्रपान चालू असेल, स्तनाचा कर्करोग झालेला असेल, यकृताचा गंभीर आजार असेल, तर दुसरा उपाय सुचवतात. वजनाचं आणखी एक आहे. पॅचच्या मूळ चाचण्यांमध्ये जे १५ गर्भ राहिले त्यातले ५ हे ९० किलोंच्या वरच्या बायकांना राहिले होते, आणि अशा बायका त्या चाचण्यांत शंभरात तीनसुद्धा नव्हत्या. वजन ९० किलोंच्या पुढे असेल तर हा मुद्दा तुम्हीच काढा.

चालू औषधांची यादी बरोबर न्या. क्षयावरचं रिफॅम्पिसिन, फिटसाठीचं कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, टोपिरामेट, काही एचआयव्हीची औषधं आणि सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती यांमुळे यकृत हार्मोन भराभर मोडून टाकतं आणि पॅच निकामी होतो. हा परिणाम औषध थांबवल्यावरही चार आठवडे राहतो. लॅमोट्रिजिनचं उलट आहे: पॅचमुळे त्या औषधाची रक्तातली पातळी उतरते आणि फिट येऊ शकते. घशाला किंवा दाताला डॉक्टर देतात त्या साध्या अँटिबायोटिक्सने काही बिघडत नाही.

सगळं ठीक असेल तर पहिल्यांदा बहुधा तीन महिन्यांचे मिळतात: एका खोक्यात ९ पॅच, प्रत्येक वेगळ्या पाकिटात. मानवला की पुढे वर्षभराचे मिळू शकतात. रक्तदाब मात्र दरवर्षी तपासायचा.

आता वार. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत कधीही पहिला पॅच लावला तर संरक्षण त्याच क्षणापासून. सहाव्या दिवशी किंवा पुढे लावला तर पहिले सात दिवस कंडोम हवा, आणि आधी दिवस गेलेले नाहीत याची खात्री हवी. (ज्यांची पाळी २३ दिवसांच्या आतच येते त्यांनी पाच दिवसांच्या सवलतीवर विसंबण्याआधी विचारून घ्यावं, त्यांचं बीजांड लवकर सुटू शकतं.) पाच दिवसांची मुभा आहे म्हणजे वार निवडता येतो, आणि तो निवडावाच. पाळी मंगळवारी आली आणि तुमचा गुरुवारचा उपास असेल तर गुरुवारीच लावा. आपल्याला तारखेपेक्षा वार धरून चालायची सवय असते. जिच्या अंगात गुरुवार किंवा शनिवार मुरलेला आहे तिला फोनच्या गजरापेक्षा तो वार जास्त खात्रीने आठवण करतो. तरी मी फ्रिजवरच्या कालनिर्णयावर त्या वाराच्या चौकटीत पेन्सिलीने खूण करते: १, २, ३ आणि मो. ‘मो’ म्हणजे मोकळा. केवळ वार आठवून भागत नाही, हा पॅच कितवा हेही कळावं लागतं, आणि चूक झाली की पहिला प्रश्न तोच येतो.

बाळंतपणानंतर, अंगावर पाजत नसाल आणि गुठळीचा आणखी कुठला धोका नसेल तर तीन आठवड्यांनी सुरू करता येतो. पाजत असाल तर सहा आठवडे थांबायचं. गर्भपातानंतर लगेच लावता येतो.

लावायच्या जागा चार: कुल्ल्याचा वरचा भाग, ओटीपोट, दंडाची बाहेरची बाजू आणि पाठीचा वरचा भाग. स्तनांवर कधीही नाही. मला कुल्ल्याची वरची, बाहेरच्या अंगाची बाजू सगळ्यांत सोयीची वाटते. तिथे कातडी कमी ताणली जाते, कपड्याआड राहते आणि पाहुण्यांकडे राहताना कुणाच्या नजरेला पडत नाही. रंग बेज असल्यामुळे सावळ्या दंडावर तो लपत नाही. ओटीपोटावर लावायचा तर परकराची नाडी, सलवारीचा किंवा जीन्सचा पट्टा जिथे बसतो तिथून दोन बोटं दूर. पट्टा दिवसभर घासून कड उचलतो. वाकल्यावर जिथे घडी पडते तीही जागा टाळा. दर आठवड्याला जागा बदला: उजवीकडे होता तर या वेळी डावीकडे. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा लावला की तिथे लाली आणि खाज हमखास.

त्वचा स्वच्छ, पूर्ण कोरडी आणि थंड असावी. आंघोळीनंतर लगेच नको. अंग पुसलं तरी कातडीत दमटपणा असतो. मी वीस मिनिटं थांबते. त्या जागी तेल, लोशन, पावडर, काही नको, आणि ग्लिसरीनचा साबणही नको, तो थर सोडतो. खरचटलेली, ताजं वॅक्सिंग करून लाल झालेली त्वचा नको.

पाकीट हाताने कडेने फाडा. कात्रीने कापताना आतला पॅच कापला जातो, आणि कापलेला पॅच वापरायचा नसतो. पॅच बाहेर काढला की चिकट बाजूला पारदर्शक आवरण दिसेल. पॅच त्याच्यासकट उचलायचा. ते पाकिटातच राहून पॅच तेवढा सुटा आला तर चिकट बाजू सगळी बोटांना लागते. आवरणाचा अर्धा भाग सोला, चिकट बाजूला बोट न लावता तो अर्धा त्वचेवर ठेवा, मग दुसरा अर्धा ओढून काढा. तळहाताने सगळ्या पॅचवर दाब देऊन दहा सेकंद धरा. शेवटी चारी कडांवरून बोट फिरवा. बहुतेकांची चूक इथे होते: मध्ये दाबतात आणि कडा विसरतात. पॅच सुटतो तो नेहमी कोपऱ्यापासून.

लागल्यावर आंघोळ, पोहणं, व्यायाम, घाम, सगळं चालतं. रोज एकदा, कपडे बदलताना, कडांवरून बोट फिरवून पाहा. दोन-तीन दिवसांत कडेभोवती कपड्याच्या धाग्यांची काळपट रेघ जमते. ती दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. ती काढायला तेल लावू नका. पॅच अंगावर असेपर्यंत त्याच्या आसपास तेल येऊच द्यायचं नाही. दिवाळीत हे विशेष सांभाळा. अभ्यंगस्नानाला अंगभर तेल चोळून वर उटणं लावलं तर गोंद सैल होणारच. त्या जागेभोवती वीतभर सोडून तेल लावा, किंवा पॅच बदलायचा वार जवळ असेल तर जुना पॅच आंघोळीपर्यंत ठेवून, अंग स्वच्छ कोरडं झाल्यावर नवा लावा. वार एक-दोन दिवस अलीकडे आणायला हरकत नसते. तो पलीकडे ढकलायचा नाही.

चाचण्यांत वापरलेल्या पॅचपैकी शंभरात साधारण पाच पॅच सुटले किंवा अर्धवट उचकटले म्हणून बदलावे लागले. म्हणजे वर्षभराच्या ३९ पॅचमध्ये एक-दोन वेळा ही वेळ येणार असं धरूनच चाला आणि घरात एकदोन जादा पॅच ठेवा. जादा मागितले तर देतात. कारण सांगितलं की पुरे.

फक्त कड उचलली असेल तर तळहाताने पुन्हा दहा सेकंद दाबा. बसली तर बसली. पॅच पूर्ण सुटला, पण अजून स्वच्छ आणि चिकट आहे, तर लगेच परत लावा. चिकटपणा गेला असेल, धागे-धूळ लागली असेल, पॅच स्वतःलाच चिकटून चुरगळला असेल, तर तो टाकून नवा लावा. वर बँड-एड किंवा चिकटपट्टी मारून जुना पॅच धरून ठेवणं हा उपाय नाही. हार्मोन त्वचेत जातं ते पॅचच्याच गोंदातून, आणि तो गोंद त्वचेला नीट टेकलेला नसेल तर वरची पट्टी केवळ पॅच धरून ठेवते, औषध आत जात नाही. नवा लावला तरी बदलायचा वार जुनाच ठेवायचा.

पुढचं वेळेवर ठरतं. एनएचएसचा नियम असा: पॅच ४८ तासांच्या आत परत लागला आणि सुटायच्या आधी सात दिवस पॅच नीट होते, तर संरक्षण कायम. आधी सात दिवस पूर्ण झालेले नसतील तर सात दिवस कंडोम. ४८ तासांपेक्षा जास्त वेळ अंगावर पॅच नव्हता, किंवा किती वेळ नव्हता हेच ठाऊक नाही, तर नवा पॅच लावून आजपासून नवं चक्र सुरू करा. आजचा वार तुमचा नवा वार, कालनिर्णयावर पुन्हा ‘१’, आणि सात दिवस कंडोम. मधल्या काळात संबंध आला असेल तर तातडीच्या गर्भनिरोधकासाठी फार्मसीत त्याच दिवशी विचारा. खोक्यातल्या पत्रकात मात्र ४८ ऐवजी २४ तास लिहिलेले असतात. दोन्ही आकडे वाचून बायका गोंधळतात. पत्रक कंपनीच्या परवान्यानुसार आहे, ४८ तासांचा नियम ब्रिटनमधल्या गर्भनिरोधन तज्ज्ञांच्या संस्थेचा. २४ ते ४८ च्या मधे सापडलात तर सात दिवस कंडोम वापरण्यात काही जात नाही. माझा कल तिकडेच आहे.

हे आकडे पाठ करण्यापेक्षा त्यामागचं कारण धरलं तर आयुष्यभर लक्षात राहतात. पॅचमध्ये ६ मिलिग्रॅम नॉरेलजेस्ट्रोमिन असतं आणि आठवड्यात जातं जेमतेम १.४ मिलिग्रॅम. म्हणजे सात दिवसांनी काढलेल्या पॅचमध्येही तीन चतुर्थांशाहून जास्त औषध शिल्लक असतं, आणि नवव्या दिवसापर्यंत तो पुरेशी मात्रा देत राहतो. ही झाली बदलायला दोन दिवस उशीर झाला तर मिळणारी सवलत. दुसरी गोष्ट बीजकोषाची. हार्मोन बंद झालं की बीजकोष लगेच जागा होत नाही. सात दिवस तो गप्पच राहतो, पण त्यात बीजांडं वाढायला लागतात. मोकळा आठवडा नेमका तेवढाच ठेवलेला आहे. त्यापुढे दोन दिवस गेले की एखादं बीजांड सुटायच्या बेताला येऊ शकतं. आणि जागा झालेला बीजकोष पुन्हा गप्प करायला सलग सात दिवस हार्मोन लागतं, म्हणून कंडोमचे दिवस सातच. सात दिवस, नऊ दिवस, ४८ तास हे सगळं इथूनच येतं.

आता बदलायचा वार विसरला तर. पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्याअखेर विसरलात आणि ४८ तास उलटले नाहीत, म्हणजे जुना पॅच नऊ दिवसांच्या आत आहे: काढा, नवा लावा, वार तोच, बाकी काही करायचं नाही. ४८ तास उलटले: नवा पॅच, नवं चक्र, नवा वार, सात दिवस कंडोम.

तिसऱ्या आठवड्याअखेर काढायचा विसरलात तर त्यातल्या त्यात सोपं. आठवेल तेव्हा काढा आणि पुढचा पहिला पॅच ठरलेल्या वारालाच लावा, रक्तस्राव चालू असला तरी. मोकळे दिवस सातऐवजी पाच होतील, तीन होतील, फरक पडत नाही. मोकळा आठवडा आखूड झाला तर धोका नाही, लांबला तर आहे.

म्हणून सगळ्यांत घातक विसर मोकळ्या आठवड्यानंतरचा. अंगावर पॅच नसतो, आठवण करणारं काही नसतं, पाळीसारखा स्राव नुकताच संपलेला असतो किंवा संपत आलेला असतो, आणि मनात येतं की दोन दिवसांनी लावू. नेमक्या याच दिवशी बीजकोष जागा व्हायच्या काठावर असतो. आठवल्याबरोबर लावा. ४८ तासांपेक्षा उशीर झाला असेल, म्हणजे मोकळे दिवस नऊच्या पुढे गेले असतील, तर सात दिवस कंडोम, आणि मोकळ्या आठवड्यात संबंध आला असेल तर तातडीच्या गर्भनिरोधकाबद्दल विचारा. तातडीची गोळी लेव्होनॉर्जेस्ट्रेलची असेल तर पॅच लगेच लावता येतो. युलिप्रिस्टलची असेल तर हार्मोनचा पॅच पाच दिवस लावायचा नसतो, नाहीतर दोन्ही एकमेकांच्या कामात आड येतात. फार्मसीत कुठली गोळी दिली हे विचारल्याशिवाय बाहेर पडू नका.

मोकळ्या आठवड्यात जो रक्तस्राव होतो तो खरी पाळी नव्हे. हार्मोन थांबलं म्हणून अस्तर गळतं. तो झालाच पाहिजे असा शरीराचा कुठलाही नियम नाही, ‘घाण आत साठते’ हे खरं नाही. पॅच असताना अस्तर वाढतच नाही, तर साठणार काय? ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना २०१९ पासून स्पष्ट सांगतात की सात दिवसांच्या खंडाने आरोग्याचा काही फायदा होत नाही. नऊ पॅच सलग लावून मग चार किंवा सात दिवसांचा खंड घेता येतो, किंवा सलगच लावत राहून डाग जायला लागले की चार दिवस सोडता येतात. खोक्यातल्या पत्रकात हे सापडत नाही, कारण परवाना तीन आठवडे पॅच आणि एक मोकळा, या रीतीचाच आहे. डॉक्टर किंवा नर्सशी बोलून ठरवा. सलग लावताना मधूनच डाग जाणं नेहमीचं, विशेषतः सुरुवातीला.

हे आपल्याकडे कामाला येतं ते गणपतीत, लग्नात, सत्यनारायणात. पाळी पुढे ढकलायला नॉरएथिस्टेरॉनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून तीनदा घ्यायची चाल घरोघरी आहे. मावशी पर्समधून काढून देते, भाचीला गिळायला लावते. पॅच वापरणाऱ्या बाईने त्या अजिबात घेऊ नयेत. गरजच नाही: मोकळा आठवडा न घेता तिसऱ्या पॅचनंतर त्याच वारी नवा लावला की झालं. आणि धोका आहे: इतक्या मात्रेतल्या नॉरएथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात एथिनिल इस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो, म्हणजे पॅचमधल्या इस्ट्रोजेनवर आणखी इस्ट्रोजेन चढतं. ज्यांना गुठळीच्या भीतीने पॅच नाकारला गेलाय त्यांनी तर या गोळ्या ‘साध्या’ समजून घेऊच नयेत. सण आठवडाभरावर आला की कालनिर्णय उघडून ‘मो’ची खूण खोडणं इतकंच काम आहे.

पहिले दोन-तीन महिने शरीर कुरकुरतं. स्तन दुखरे होतात, थोडी मळमळ, डोकेदुखी, अधेमधे डाग. पॅचखाली फिकट लाली आणि किंचित खाज बऱ्याच जणींना होते, जागा बदलत राहिलं की सहन होण्याइतकी राहते. चट्टा उठला, फोड आले, लाली पॅचच्या चौकटीबाहेर पसरली तर ती गोंदाची अ‍ॅलर्जी असू शकते. ओढून ताणून चालवू नका, दुसरा उपाय घ्या. तीन महिन्यांनंतरही डाग थांबत नसतील तर तपासून घ्या.

गुठळीबद्दल स्पष्ट आकडे. हार्मोन न घेणाऱ्या १०,००० बायकांपैकी वर्षाला साधारण दोघींना रक्ताची गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या मिश्र गोळीवर ५ ते ७. या पॅचवर ६ ते १२. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर धोका याहूनही जास्त असतो. पॅचचा आकडा वर आहे याचं एक कारण असं सांगतात की पॅचमधून इस्ट्रोजेन सारख्या वेगाने येत राहतं. गोळीने ते झपकन चढून उतरतं. पॅचने ती सर्वांत वरची पातळी कमी असते, पण दिवसभर रक्तात राहणारी एकूण मात्रा ३५ मायक्रोग्रॅमच्या गोळीपेक्षा साधारण ६० टक्क्यांनी जास्त भरते. अमेरिकेत २००५ साली हा इशारा पॅचच्या माहितीपत्रकावर आला. धोका लहान आहे, पण लक्षणं तोंडपाठ हवीत: एकाच पोटरीत दुखणं आणि सूज, अचानक धाप लागणं, श्वास घेताना छातीत कळ, कधी नव्हे इतकी तीव्र डोकेदुखी, बोलताना जीभ अडखळणं, नजर जाणं, चेहरा किंवा हात एका बाजूने लुळा पडणं. यातलं काहीही झालं तर पॅच काढा आणि थेट ९९९ ला फोन किंवा आपत्कालीन विभाग. जीपीच्या वेळेची वाट बघायची नाही. तिथे गेल्यावर ‘मी इस्ट्रोजेनचा पॅच वापरते’ हे पहिल्या वाक्यात सांगा. कपड्याआडची पट्टी कुणाला दिसत नाही, आणि ‘काही औषधं चालू आहेत का?’ याला आपण सवयीने ‘नाही’ म्हणून जातो. पॅच हे औषध आहे. मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल तर चार आठवडे आधी बंद करावा लागतो, तेव्हा तारीख मिळताच सांगा.

अमेरिकेतल्या मैत्रिणींसाठी: तिथे याच औषधांचा झुलेन पॅच मिळतो. त्याचा आकार १४ चौरस सेंटिमीटर आणि आतलं प्रमाण वेगळं आहे, ४.८६ आणि ०.५३ मिलिग्रॅम. तिथल्या नियमात बीएमआय ३० किंवा वर असेल तर तो देत नाहीत. लावायची रीत तीच.

भारतात जाताना पॅच इथूनच न्यायचे, कारण सरकारी कुटुंबनियोजनात माला-एन आणि छाया या गोळ्या, अंतराचं इंजेक्शन, तांबी आहे, पॅच नाही, आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात तो मिळेल यावर भरवसा ठेवता येत नाही. हिशोब असा: सहा आठवड्यांत जास्तीत जास्त पाच पॅच लागतात, सात न्या. सामान हरवतं म्हणून हातातल्या बॅगेत, मूळ बंद पाकिटांतच. फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतही नाहीत. कपाटातला अंधारा, कोरडा कप्पा चांगला. वेळेच्या फरकाची चिंता नको: साडेचार-साडेपाच तासांनी पॅचला काही होत नाही. आणि एक मोठी सोय, पोट बिघडलं, उलट्या-जुलाब झाले तरी संरक्षण जात नाही, कारण औषध पोटातून जातच नाही. गोळीवाल्यांना ही मुभा नसते. विमानात दर तासा-दीड तासाला उठून चाला, पाणी प्या. लडाखला जाणार असाल आणि ४,५०० मीटरच्या वर आठवड्याहून जास्त मुक्काम असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. तितक्या उंचीवर गुठळीचा धोका वाढू शकतो.

भारतात असताना पॅच संपलेच तर मोकळा आठवडा लांबवत बसू नका. डॉक्टरांना विचारून मिश्र गोळी सुरू करा, आणि ज्या दिवशी नवा पॅच लावायचा होता त्याच दिवशी पहिली गोळी घ्या. मध्ये खंड नाही, तर कंडोमचीही गरज नाही. माला-एनच्या पाकिटात २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या गोळ्या असतात. पहिली गोळी हार्मोनचीच घ्यायची, लोहाची नाही.

काढलेला पॅच कचऱ्यात तसाच टाकू नका आणि संडासात तर मुळीच नाही. आत औषध शिल्लक असतं, ते पाण्यात जाऊ नये, रांगत्या बाळाच्या हाताला चिकटू नये. एव्ह्राच्या पाकिटावर बाहेरून एक उघडणारी लेबल-घडी असते. ती उघडून पॅचची चिकट बाजू आत रंग दिलेल्या भागावर बसवायची, घडी बंद करायची आणि मग कचऱ्यात. पाकीट फेकून दिलं असेल तर पॅच चिकट बाजू आत करून दुमडा आणि कागदात गुंडाळा. त्वचेवर राहिलेला गोंद खोबरेल तेलाचा बोळा फिरवला की निघतो. पाणी आणि साबण घासत बसलात तर कातडी लाल होते. तेलाची जागा साबणाने धुऊन टाका, पण नवा पॅच मात्र दुसऱ्या बाजूला.